बियाणे कोणाचे, शेत कोणाचे? : शुक्राणू आणि स्त्रीबीज पहिल्यांदा दिसले त्याची गोष्ट

धुळे तालुक्यातले एक जोडपे पारोळा, एरंडोल करत सकाळच्या एसटीने जळगावला आले होते. लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. सोबत सासूबाई होत्या. टेबलावर त्यांनी चांगली चार बोटे जाडीची फाइल ठेवली. चाळून पाहिली. चार सोनोग्राफी, थायरॉइडच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, एक दुर्बिणीची तपासणी आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. सगळे कागद सुनेच्या नावाचे. मी विचारले, "यांची तपासणी?" नवरा खाली बघू लागला. सासूबाईच म्हणाल्या, "आमना पोऱ्यामा काही खोट नही शे, डॉक्टर."

वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. सहा वर्षांत बाईच्या पोटात दुर्बीण घालून झाली होती. नवऱ्याची वीर्य तपासणी मात्र कोणी सांगितली नव्हती किंवा सांगूनही केली नव्हती. या तपासणीत सुई नाही, भूल नाही, टाका नाही, खर्चही सोनोग्राफीपेक्षा जास्त नाही.

शेवटी तपासणी झाली. नवरा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर त्यांना स्वतःचे शुक्राणू दाखवले. काही पळत होते, बरेचसे जागीच वळवळत होते, काही निपचित. दोन मिनिटे ते गप्प होते. मग शिक्षकाच्या सवयीने विचारले, "सर, सगळ्या प्राण्यांचे असेच असतात का? कांगारूचे?"

हा प्रश्न मला आवडला. त्याचे उत्तर लांब आहे. पण ते समजले, की फाइल एकटीच्याच नावाची का राहते हेही समजते. म्हणून आज औषधांविषयी थोडे कमी आणि इतिहासाविषयी जास्त.

आपल्याकडचा जुना विचार

मूल होणे म्हणजे शेतात बी रुजणे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पुरुषाचे बी, बाईचे शेत. पीक आले तर बियाणे चांगले, नाही आले तर शेत नापीक. "वांझ" हा शब्द आपण बाईलाही लावतो आणि जमिनीलाही. पुरुषासाठी तसा रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही.

पण आपले जुने वैद्य एवढे एकांगी नव्हते. सुश्रुत संहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य वेळ, जमीन, पाणी आणि बियाणे. चारही असल्या तरच कोंब येतो. त्याच ठिकाणी शुक्राचे आठ दोषही सांगितले आहेत. म्हणजे बीज बिघडलेले असू शकते, हे आपल्या वैद्यकाला सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी मान्य होते. घराघरांतून ते विसरले गेले.

आणि खरे सांगायचे तर खानदेशातल्या शेतकऱ्याला हे शिकवायलाच नको. घरचे सोयाबीन किंवा ज्वारी पेरण्याआधी तो शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. उगवण कमी असेल तर बियाणे जास्त टाकतो किंवा बदलतो. बियाणे न तपासता जमिनीला दोष देणारा शेतकरी शहाणा म्हणवला जात नाही. घरातल्या गोष्टीत मात्र हाच माणूस सहा वर्षे नुसती जमीन तपासत राहतो.

1677 : एक कापड व्यापारी आणि एक पत्र

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात आंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाचे धागे तपासण्यासाठी त्या धंद्यात भिंग वापरत. याने स्वतः काच घासून इतकी बारीक आणि ताकदवान भिंगे बनवली, की एकाच भिंगातून वस्तू दोनशेपटीहून मोठी दिसे. तळ्याचे पाणी, दातांवरचा मळ, रक्त, जे मिळेल ते तो भिंगाखाली धरी.

1677 साली योहान हाम नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी त्याच्याकडे एका रुग्णाच्या वीर्याचा नमुना घेऊन आला. त्यात शेपटीवाले काहीतरी हलताना दिसत होते. हामला वाटले, हा आजाराचा परिणाम असावा. लेव्हेनहूकने निरोगी माणसाचे वीर्य तपासायचे ठरवले आणि स्वतःचेच तपासले. त्यातही तेच जीव होते, असंख्य.

त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. पण लिहिताना तो संकोचला होता. हा नमुना वैवाहिक संबंधातून मिळाला आहे, कोणतेही पाप करून मिळवलेला नाही, असे त्याने मुद्दाम नमूद केले. विद्वानांना विषय किळसवाणा वाटला तर छापू नये, असेही सुचवले. साडेतीनशे वर्षांनी माझ्या प्रयोगशाळेच्या दारात डबी हातात घेऊन उभा असलेला माणूस तेवढाच संकोचलेला असतो. लेव्हेनहूकने मात्र संकोच वाटत असूनही तपासणी केली.

त्याने जे पाहिले ते त्याला छोटे प्राणीच वाटले. आपण मराठीत आजही "शुक्रजंतू" म्हणतो, त्यात हाच समज शिल्लक आहे. पण ते जंतू नाहीत, आजारही नाहीत. ती आपल्या शरीराची पेशी आहे, म्हणून "शुक्राणू" हा शब्द बरा.

पुढे चूक झाली ती अर्थ लावताना. लेव्हेनहूकचे मत पडले, की अख्खे मूल या जीवातच असते आणि आईचे गर्भाशय त्याला फक्त पोसते. 1694 मध्ये निकोलास हार्टसूकर याने तर शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र छापले. त्याला तसे काही दिसले नव्हते, तसे असावे अशी त्याची कल्पना होती. म्हणजे बियाणे पुरुषाचे आणि शेत बाईचे, हा समज युरोपातही होता. भिंगाने आता त्याला शास्त्राचा शिक्का मिळवून दिला.

स्त्रीबीजाला दीडशे वर्षे उशीर

असे का झाले? कारण साधे आहे. शुक्राणू सहज मिळतात आणि हलतात, म्हणून चटकन दिसले. स्त्रीबीज आकाराने कितीतरी मोठे असते, मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे बारीक ठिपक्याएवढे. पण ते शरीराच्या आत लपलेले असते आणि महिन्याला साधारण एकच बाहेर पडते. त्याच डेल्फ्ट गावातल्या रेग्निअर द ग्राफ या डॉक्टरने 1672 मध्ये अंडाशयावरच्या पाण्याच्या फुगवट्यांचे वर्णन केले होते. आज सोनोग्राफीत आपण "फॉलिकल" मोजतो ते हेच. पण त्याला फुगवटाच अंडे वाटला. खरे बीज त्याच्या आत होते.

मधल्या काळात इटलीच्या लाझारो स्पालान्झानी याने एक मजेदार प्रयोग केला. त्याने नर बेडकांना मेणकापडाच्या छोट्या चड्ड्या घातल्या. माद्यांनी अंडी घातली, पण एकही अंडे वाढले नाही. चड्डीतला द्रव अंड्यांना लावला, तर ती वाढली. 1780 मध्ये त्याने एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले. 62 दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. आज आपण ज्याला आययूआय म्हणतो त्याचा हा पूर्वज.

शेवटी 1827 मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने कुत्रीच्या अंडाशयातल्या फुगवट्यात एक पिवळसर ठिपका पाहिला, तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि सस्तन प्राण्याचे खरे बीज पहिल्यांदा माणसाला दिसले. शुक्राणू दिसल्यानंतर बरोबर दीडशे वर्षांनी. 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग याने समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली, एक आईकडचे आणि एक बापाकडचे. तिथे हा वाद शास्त्रापुरता संपला. दोन पेशी, दोन्हीकडून सारखा वारसा.

मराठीत आपण "स्त्रीबीज" म्हणतो. शब्दच सांगतो, की बाई हे नुसते शेत नाही, तिचेही बीज आहे. हा शब्द रोज वापरणारी माणसेही त्याचा अर्थ लक्षात घेत नाहीत.

याच ओघात आणखी एक गोष्ट. 1905 मध्ये अमेरिकेच्या नेटी स्टीव्हन्स या शास्त्रज्ञ बाईंनी एका किड्याच्या पेशी तपासून दाखवले, की नर की मादी हे शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरते. माणसातही तसेच आहे. स्त्रीबीजात नेहमी एक्स असतो. शुक्राणूत एक्स असला तर मुलगी, वाय असला तर मुलगा. तेव्हा "हिला मुलीच होतात" हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने चुकीच्या माणसाला उद्देशून आहे. आणि नवऱ्यालाही दोष देण्याचे कारण नाही, कारण कोणता शुक्राणू पोहोचेल हे तोही ठरवत नाही.

आता कांगारूचे

पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांना शिशुधानी प्राणी म्हणतात. कांगारू, कोआला, वॉम्बॅट हे ऑस्ट्रेलियातले, तर ओपोसम अमेरिकेतले. भारतात यांतला एकही रानात आढळत नाही. तरीही माणसाच्या प्रजननाविषयी विचार करायला यांनी शास्त्रज्ञांना बरेच शिकवले.

ओपोसम हा मांजराएवढा, टोकदार तोंडाचा प्राणी. त्याच्याविषयी अमेरिकेत एक गमतीदार समज होता. नराचे लिंग टोकाला दुभंगलेले असते. मादीला तशा दोन नाकपुड्याच दिसतात! म्हणून लोक म्हणत, यांचा संबंध नाकातून होतो आणि नंतर मादी पिशवीत शिंकते, की पिल्ले तिथे पडतात. खरे कारण शरीराच्या आत होते. मादीला योनिमार्गच दोन असतात. पण ते आत असल्याने कोणी पाहत नव्हते, बाहेर दिसणाऱ्या नाकावर गोष्ट रचली गेली. ती बरीच टिकली. विसाव्या शतकात टेक्सासमध्ये कार्ल हार्टमन याने ओपोसमचे प्रजनन टप्प्याटप्प्याने तपासून ती खोडून काढली. ओपोसमचा गर्भ जेमतेम 13 दिवस पोटात असतो. मधमाशीएवढे पिल्लू जन्मते आणि स्वतःच सरपटत पिशवीत जाते.

या प्राण्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात? आधी माणसाचा शुक्राणू डोळ्यांपुढे आणा. चपटे अंडाकृती डोके, त्यात बापाकडची गुणसूत्रे. डोक्यावर टोपीसारखे आवरण, त्यात स्त्रीबीजाचे कवच भेदणारी रसायने. डोक्यामागे मान आणि इंधनघर, मग लांब शेपूट. एकूण लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी.

शिशुधानी प्राण्यांत टोपी डोक्याच्या टोकावर नसते. ती डोक्याच्या एका बाजूवर, सपाट पाठीवर ठेवल्यासारखी असते. शुक्राणू अंडकोषातून बाहेर पडतो तेव्हा डोके शेपटीवर आडवे असते, इंग्रजी टी अक्षरासारखे. त्यामागच्या गुंडाळलेल्या नळीतून जाताना ते हळूहळू वळते आणि शेपटीच्या रेषेत येते. मग तो सरळ पोहू शकतो. माणसातही शुक्राणू तयार होताच पोहण्याजोगा नसतो, याच नळीत तो पक्का होतो. कोआला आणि वॉम्बॅट यांचे शुक्राणू आणखी वेगळे, डोके आकड्यासारखे वाकलेले. उंदराच्या शुक्राणूलाही असाच आकडा असतो, जरी उंदीर त्यांचा जवळचा नातलग नाही.

सगळ्यात नवलाची गोष्ट जर्मनीच्या एमिल झेलेंका याने 1887 मध्ये नोंदवली. ओपोसमचे शुक्राणू जोडीने पोहतात. दोघांची डोकी टोपीच्या बाजूने एकमेकांना चिकटतात आणि दोन शेपट्या मिळून जोडी सरळ पुढे जाते. एकट्या पडलेल्या शुक्राणूला नीट दिशा धरता येत नाही, तो गोल गोल फिरत राहतो. मादीच्या नळीत पोहोचल्यावर जोडी सुटते आणि बीजात शिरतो एकच. चिकटलेल्या असल्यामुळे प्रवासात टोप्याही सुरक्षित राहतात. ही तऱ्हा अमेरिकेतल्या शिशुधानी प्राण्यांची, ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंचे शुक्राणू एकेकटेच पोहतात. आमच्या शिक्षकांच्या प्रश्नाचे हे थेट उत्तर.

आणि आकार? ऑस्ट्रेलियात हनी पोसम नावाचा फुलांतला मध खाणारा जीव आहे. नराचे वजन 10 ग्रॅमच्या आत-बाहेर, आपल्या चिचुंद्रीपेक्षाही लहान. त्याचा शुक्राणू मात्र मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा, माणसाच्या शुक्राणूच्या सहापट लांब. सस्तन प्राण्यांत इतका लांब शुक्राणू दुसऱ्या कोणाचा माहीत नाही. अंगातली ताकद, मिशा, आवाज आणि शुक्राणू यांचा संबंध लावणाऱ्यांनी हा दहा ग्रॅमचा जीव लक्षात ठेवावा.

या प्राण्यांचे स्त्रीबीजही माणसाच्या बीजापेक्षा मोठे असते. त्यात थोडा बलक असतो. फलन झाल्यावर नळीतून उतरताना त्याभोवती आधी चिकट थर आणि मग पातळ कवच चढते. म्हणजे कोंबडीच्या अंड्याची जुनी आठवण अजून त्याच्याजवळ आहे. हे थर आईची नळी आणि गर्भाशय चढवतात. आईचे शरीर नुसती जागा देत नाही, बीज आल्या क्षणापासून काम करत असते.

माणसासह इतर सस्तन प्राण्यांतही आईचे शरीर असेच कामात असते, हे 1951 मध्ये कळले. ऑस्ट्रेलियात ऑस्टिन आणि अमेरिकेत चांग यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की ताजा शुक्राणू बीजाजवळ ठेवला तरी आत शिरू शकत नाही. मादीच्या मार्गात काही तास राहिल्यावरच त्याला ती क्षमता येते. हे कळेपर्यंत शरीराबाहेर गर्भधारणेचे प्रयत्न फसत होते.

ओपोसमवाले हार्टमन पुढे बाल्टिमोरला गेले आणि माकडांवर काम करू लागले. ही ऱ्हीसस माकडे मूळ भारतातलीच. त्यांच्या पाळीचा अभ्यास करता करता ते बाईचे बीज नेमके कधी बाहेर पडते या प्रश्नाकडे वळले आणि 1936 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याआधी पाळीच्या आसपासच गर्भ राहतो असे कित्येक डॉक्टर सांगत. आज आपल्याला माहीत आहे, की बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बाहेर पडते, ते जेमतेम एक दिवस जगते आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतो. सुश्रुताने सांगितलेला "ऋतू" आता कॅलेंडरवर दाखवता येतो.

मुंबईपर्यंतचा रस्ता

महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलायला सुरुवात केली ती र. धों. कर्वे यांनी. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 पर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. मराठीत "वीर्य", "संभोग" हे शब्द आज डॉक्टरला लिहिता येतात, त्यामागे ही माणसे आहेत.

25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये शरीराबाहेर फलन होऊन जगातली पहिली मुलगी जन्मली. त्यानंतर सत्तर दिवसांत, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच साधले. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात झाली. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने हर्षा चावडा जन्मली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची कागदपत्रे स्वतः तपासली आणि 1997 मध्ये जाहीरपणे लिहिले, की पहिला मान त्यांचा. स्वतःकडचे श्रेय पुरावा पाहून दुसऱ्याला देणे सोपे नसते. पुरावा पाहून घरातला दोषारोप मागे घेणेही असेच अवघड असते, पण करता येते.

1992 मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडून मूल जन्माला घालण्याचे तंत्र सिद्ध केले. याला इक्सी म्हणतात. शुक्राणू अगदी कमी असलेल्या पुरुषांसाठीही त्यामुळे दार उघडले. पण ते दार वापरायचे तर आधी तपासणी हवी.

रिपोर्ट हातात आल्यावर

वंध्यत्व असलेल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे काहीतरी कारण सापडते, एकटे किंवा बाईच्या कारणासोबत. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी, हा नियम. काही गोष्टी लक्षात ठेवा :

- नमुना देण्याआधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा.
- जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी : एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण नमुन्यात 3 कोटी 90 लाख, हलणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के.
- "96 टक्के बिघडलेले" वाचून घाबरू नका. माणसाचे शुक्राणू आकाराने असे वेडेवाकडेच असतात. शंभरात चार नीट असले तरी ते सामान्य धरले जाते.
- आकडा कमी म्हणजे मूल होणारच नाही असे नाही, आणि आकडा चांगला म्हणजे होईलच असेही नाही.
- एका रिपोर्टवरून निर्णय नको. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. मागच्या महिन्यातला ताप किंवा कावीळ आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकते.
- शुक्राणूंचा आकडा आणि मर्दानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. संबंध व्यवस्थित असूनही शुक्राणू शून्य असू शकतात.

अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंडाव्यासाठी, त्यांना दोन-चार अंश कमी तापमान लागते. भट्टी, बॉयलर, हॉटेलची चूल यांच्यापुढे तासन्‌तास काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना जरूर सांगावे. सिगारेट-विडी सोडा, तंबाखू-गुटखा सोडा. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणू वाढवत नाहीत, त्यांची निर्मिती बंद पाडतात.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक खरा दाखला. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुले होत नाहीत. तपासणीत कित्येकांचे शुक्राणू शून्य निघाले. तिथे डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक बनत होते. हेच औषध मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांत वापरले जाई, तिथल्या मजुरांनाही तेच भोगावे लागले. सगळी औषधे अशी नसतात. पण केळी आणि कपाशीत फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नंतर साबणाने आंघोळ, एवढे पाळाच.

आययूआय किंवा टेस्ट ट्यूबपर्यंत वेळ आली तर केंद्र 2021 च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, ते विचारायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

पुन्हा ती फाइल

त्या शिक्षकांचा आकडा मर्यादेपेक्षा बराच कमी होता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासला, तरी कमीच. अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, याला व्हेरिकोसील म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि ते आता सुरू आहेत. मूल होईल का, हे मी आज सांगू शकत नाही, आणि छातीठोक सांगणाऱ्यापासून तुम्हीही जपून राहा.

दुसऱ्या भेटीला सासूबाई पुन्हा आल्या होत्या. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. निघताना सुनेच्या हातातली पिशवी मात्र त्यांनी स्वतःकडे घेतली. आमच्या स्वागतिकेने फाइलवर नवा कागद चिकटवला होता. त्यावर आता दोन नावे आहेत.

तुमच्या घरात अशी एखादी जाड फाइल असेल, तर ती एकदा उघडून बघा. किती कागद कोणाच्या नावाचे आहेत, ते मोजा. मग पुढच्या भेटीला दोघेही या.